वा, छान!

वय झालं की कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. स, श, फ निसटतात, बायकामुलांचं बोलणं पुसट होतं. हिला वाटे, मी सोयीपुरता बहिरा आहे. मी आपला ‘हो, हो’ म्हणून वेळ मारून नेत असे. त्यात कोणाचं काय बिघडतं?

एकदा नात काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, ‘‘वा, छान!’’ ती रडतच आत गेली. तिची जिवलग मैत्रीण गाव सोडून गेली होती.

तेव्हा कळलं, ऐकू न येणं हा कानाचा दोष. ऐकल्याचं सोंग हा माझा. आता यंत्र लावतो, आणि तरीही अडलं तर बेधडक विचारतो, ‘‘काय म्हणालीस, बाळ?’’

हिचे टोमणेही आता स्पष्ट ऐकू येतात. खरेपणाची तेवढी किंमत मोजावीच लागते.