पंधरावी पोळी

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींनी परवा माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. मावशी अडतीस वर्षांच्या आणि मी अडुसष्टचा. तरी मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. हे नाते कुठल्याही वंशावळीत बसायचे नाही. पण अर्धे पुणे याच नात्यावर जेवते. मावशींनी दोन महिन्यांपूर्वी घरीच तवा मांडला. रोज वीस पोळ्या विकल्या जातात. त्यांतल्या सहा आमच्या.

“काका, एवढं भरून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

चौतीस वर्षे सरकारी कारकुनी केलेली असल्यामुळे फॉर्म दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. नाव, पत्ता, जन्मतारीख झरझर लिहून झाले. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी मात्र गाडी अडली.

मावशींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा शाळेत. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. योजना १९८० सालची. २०२३ पासून तिचे महिन्याला १,५०० रुपये झाले. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या वर जाता कामा नये.

मी एक पाठकोरा कागद ओढला. पोळी दहा रुपयांना. कणीक, तेल, गॅस वजा जाता चार रुपये सुटतात. (यात मावशींनी स्वतःची मजुरी धरलेली नव्हती. घरच्या बाईची मजुरी धरायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि त्या तर स्वतःच्याच घरच्या.) २१,००० ला ३६५ नी भागले, तर रोजचे साडेसत्तावन्न रुपये आले. म्हणजे चौदा पोळ्या. चौदा पोळ्यांपर्यंत मावशी निराधार. पंधरावी पोळी तव्यावर टम्म फुगली की त्यांना आधार मिळाला!

पुढचा हिशेब आणखी गमतीचा निघाला. त्या पंधराव्या पोळीचे वर्षाला १,४६० रुपये मिळणार आणि तिच्यापायी वर्षाचे १८,००० जाणार. ती खोट भरून काढायला रोज सत्तावीस पोळ्या लाटायला हव्यात. पंधरा ते सव्वीस हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार. मावशी नेमक्या त्या खड्ड्याच्या मध्यावर उभ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग पन्नास लाटाव्यात आणि त्या दीड हजारांवर पाणी सोडावे. मीही तेच म्हणालो. पंख्याखाली बसून उद्योगी बाण्यावर बोलायला मला फार आवडते.

“अहो काका, मागच्या महिन्यात हात भाजला, तर आठ दिवस तवा बंद. पोळीचं काय, आज गिऱ्हाईक आहे, उद्या नाही. ते पैसे उशिरा का होईना, येतात. एकदा नाव काढलं की परत घालायला किती खेटे? तेवढे दिवस तवा कोण बघणार?”

यावर मी गप्प बसलो. कारण माझे पेन्शन दरमहा येते आणि शिवाय सोसायटीचे हिशेब लिहिण्याचे मला थोडे मानधन मिळते. दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देतो. वरकड काय मिळवतोस, असे मला कोणी विचारीत नाही. मी जिवंत आहे एवढे सरकारला पुरते. मावशींना जिवंत राहून शिवाय गरीबही राहावे लागते.

संध्याकाळी भाचा आला. तो आयकराचे काम करतो. त्याला म्हटले, “तुमच्यातही असे खड्डे असतात का रे?” तो म्हणाला, “होते, मामा. पण बुजवलेत.” २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही. आता एखाद्याचे उत्पन्न बारा लाख दहा हजार झाले, तर कोष्टकाप्रमाणे त्याचा कर होतो ६१,५००. पण दहा हजार जास्त मिळवले म्हणून साडेएकसष्ट हजार घेणे हा अन्याय, हे सरकारला पटते. म्हणून त्याच्याकडून दहा हजारच घेतात, वर थोडा उपकर. याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. म्हणजे बारा लाखांच्या कड्यावरून घसरणाऱ्याखाली गादी अंथरलेली आहे. एकवीस हजारांच्या कड्याखाली मात्र फरशीच.

“खोटं लिहायचं नाही म्हणजे नाही,” मी जेवताना जाहीर केले.

“हो का?” आमची ही म्हणाली. “आणि एल.टी.सी.वर आपण कन्याकुमारीला गेलो होतो, ते माझ्या माहेरी कसे पोचलो?”

संसारात साक्षीदार फार जवळचा असतो. मी आमटीत तोंड घातले. पण रात्री वाटले, ते खोटे निदान माझे होते, खाली सहीही माझी होती. इथे अक्षर माझे आणि सही मावशींची. खोटे लिहिले तर खोट्या त्या ठरणार. खरे लिहिले तर खरा मी ठरणार, आणि त्याची किंमत महिना दीड हजार त्यांनी मोजायची. आपल्या पोळीवर तूप ओढून घेणारे पुष्कळ पाहिले होते. मी तर दुसऱ्याच्या पोळीवर माझ्या सचोटीचे तूप ओढत होतो. बरे, गल्लीच्या मागे खरोखरच काही नसलेल्या आणखी दोघी आहेत. सगळ्यांनीच वाटेल ते आकडे लिहिले तर त्यांचे काय, हाही किडा डोक्यात वळवळतच होता. पहाटेपर्यंत झोप नाही.

सकाळी मी मावशींना पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला.

“म्हणजे चौदापर्यंत चालतं ना? मग खोटं कशाला लिहायचं? चौदा तर चौदा.”

मी सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात त्या जराशा ओशाळून म्हणाल्या, “तेवढं वहिनींना सांगा काका. बाकीची सगळी कॉलेजची पोरं आहेत, त्यांना घरी करायला कोणी नाही. तुमच्याच सहा बंद कराव्या लागतील.”

सोमवारपासून कणीक ही मळते आणि पोळ्या मी लाटतो. काल एक जवळजवळ गोल आली होती.