प्रार्थनेच्या रांगेतील आपले मूल



दीक्षा घेतल्यावर आपल्या घरातला देव्हारा निघतो, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागते, त्रिसरण-पंचशील मुलांच्या तोंडी येऊ लागते. हा बदल आपण आपल्या हाताने करतो, कारण घर आपले असते. पण दुसऱ्या दिवशी तेच मूल शाळेच्या पटांगणात रांगेत उभे राहते आणि हुकूम सुटतो, ‘हात जोडा, डोळे मिटा.’ समोर सरस्वतीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती. आदल्या दिवशी ज्या देवतांना मानणार नाही अशी प्रतिज्ञा आईबापांनी घेतली, त्यांच्यापैकीच एकीपुढे मुलाने मान लववायची! त्याने काय करावे?

या प्रश्नाला आपल्या वस्त्यांतून दोन उत्तरे ऐकू येतात. एक उत्तर असे की, ‘हात जोडल्याने काय बिघडते? मास्तरांशी वाकडे कशाला घ्यायचे?’ दुसरे उत्तर याच्या अगदी उलट, ‘हात जोडलेस तर याद राख!’ पहिल्या उत्तरात बाप आपली भीती मुलाच्या अंगावर घालतो आणि दुसऱ्यात आपली लढाई. दोन्ही उत्तरांत मूल एकटेच पडते. म्हणून या प्रश्नाचा विचार नीट, मुळापासून करावयास हवा.

शाळेच्या दारात धर्म उभा राहिला की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? १८५६ सालच्या जून महिन्यात एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने काय उत्तर दिले? मागणी न्यायाच्या दृष्टीने बरोबर आहे, हे सरकारने नाकारले नाही. पण या एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळेचा उपयोगच उरणार नाही, असे म्हणून दार बंद केले. ‘एकासाठी सगळ्यांची गैरसोय कशाला?’ हा युक्तिवाद नीट ध्यानात ठेवा. आजही मुख्याध्यापकांच्या खोलीत तो जसाच्या तसा ऐकावयास मिळतो. ‘अहो, तुमच्या एका मुलासाठी प्रार्थना बदलायची का?’ पुढे बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, आणि मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत नाकारली गेली म्हणून पर्शियन घ्यावी लागली. त्या वर्गात पोथी उघडलेली नव्हती, पूजा मांडलेली नव्हती; तरी धर्म वर्गात बसलेलाच होता, आणि कोणी कोणती भाषा शिकायची हे ठरवीत होता.

अशा अनुभवातून गेलेला माणूस राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत शाळांतील धर्मशिक्षणावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी व्यवहाराची बाजू मांडली. शाळा चालते ती सर्वांच्या करांवर. तो पैसा एका धर्मासाठी वापरता येणार नाही. आणि या देशात धर्मपंथ इतके की सर्वांच्या शिक्षणाची सोय करतो म्हटले तरी ते होणे नाही. त्या चर्चेतून आलेले कलम आज घटनेत अठ्ठाविसावे आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळा यात आल्या. संस्थांच्या अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांबद्दल त्याच कलमात वेगळा नियम आहे. तेथील धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय सहभागी करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ही संमती पालकाची लागते.

येथे थोडे थांबा. घटनेने ‘हरकत नसेल तर’ असे म्हटलेले नाही. संमती हवी, असे म्हटले आहे. म्हणजे तोंड उघडण्याचे ओझे मुलावर नाही, विचारण्याचे ओझे शाळेवर आहे. प्रत्यक्षात मात्र शाळा कधी विचारत नाही आणि आपण कधी बोलत नाही. आपले मौन हीच संमती समजली जाते. दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहून घेण्यासाठी चार हेलपाटे घालणारा आपला बांधव प्रार्थनेबद्दल एक चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही, याचे मला नवल वाटते. (१९९० पूर्वी केंद्राच्या सवलती जातील या धास्तीने कित्येकांनी त्या रकान्यात ‘हिंदू’च राहू दिले. ती अडचण कायद्याने दूर झाली, पण सवय मात्र राहिली.)

तुम्ही म्हणाल, ही प्रार्थना म्हणजे धर्म नव्हे, संस्कार आहे, संस्कृती आहे, असे मास्तर सांगतात. बहुसंख्यांचा धर्म नेहमी याच नावाने वावरतो. आपण बुद्धवंदना म्हटली की तो धर्म, त्यांनी आरती म्हटली की ती संस्कृती! २०१७ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास विभागाने शाळा-कचेऱ्यांतून देवादिकांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक काढले होते. विरोध होताच ते मागे घेण्यात आले. नुसती संस्कृतीची तसबीर असती तर एवढा गहजब झाला असता काय?

न्यायालयांचे दोन निकाल आपल्या घरात माहीत असावेत. केरळात १९८५ साली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. अदबीने उभे राहणे हा अवमान नव्हे, आणि कोणाच्या तोंडून जबरदस्तीने गाऊन घेता येत नाही. दुसरा निकाल आपल्या नाशिकचा. तेथील एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. पगार अडकला असताना जो माणूस वर्षानुवर्षे हात न जोडता उभा राहिला, त्याच्याकडे पाहून आपण निदान एक अर्ज लिहावयास शिकावे.

आता अवघड भागाकडे येऊ, आणि तो आपल्याच घरचा आहे. आपली वस्ती मोठी असलेल्या गावात, शाळा-समितीवर आपली माणसे आली, की पहिली सूचना काय येते? ‘सरस्वती काढा आणि बुद्ध लावा, सकाळी त्रिसरण म्हणवून घ्या.’ सूचनेमागचे दुःख मी समजू शकतो. पण त्याच रांगेत एखादे मातंगाचे, एखादे मुसलमानाचे, एखादे मराठ्याचे मूल असेल. त्याने नाइलाजाने ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटले तर ते शरण जाणे होईल काय? शरण जाणे हे समजून-उमजून, आपल्या इच्छेने करावयाचे असते. हुकमाने म्हणवून घेतलेल्या त्रिसरणाने त्या मुलाचा अपमान होतो आणि धम्माचाही. धारवाडच्या त्या मुलाचे वारस असलेल्या आपण ‘एकासाठी काय बदलायचे’ हे वाक्य कदापि उच्चारू नये.

सावित्रीबाईंच्या तसबिरीची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी खरोखर मुलींना शिकविले, त्या इतिहासातल्या आहेत. त्यांचा मान शाळेने ठेवलाच पाहिजे. पण तीन जानेवारीला त्यांच्या तसबिरीपुढे नारळ फोडून मुलांना रांगेने पाया पडावयास लावले, तर आपण फक्त मूर्ती बदलली असे होईल.

शाळेच्या तोंडात आणि मुलाच्या तोंडात फरक आहे. शाळा सर्वांची, तिच्या तोंडून एकाच धर्माची प्रार्थना निघू नये. मूल मात्र आपली श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवील आणि मगच आत येईल, असे म्हणता येत नाही. आपल्या मुलाने सदऱ्यावर बाबासाहेबांचा बिल्ला लावला तर त्याने कोणाचे काय बिघडते? मग हाच न्याय डोक्यावर रुमाल घेणाऱ्या मुसलमान मुलीलाही लागू आहे. धारवाड आज ज्या राज्यात आहे त्याच कर्नाटकात २०२२ साली अशा मुली फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. रुमालाबद्दल तुमचे मत काहीही असो, मला तो प्रश्न आपल्यापुरता तरी सोपा वाटतो. शाळेच्या फाटकाबाहेर उभे केलेले मूल दिसले की आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. पाठ्यपुस्तकात ज्ञानेश्वरांच्या ओव्या आल्या, तुकोबांचा अभंग आला, येशूची किंवा पैगंबरांची गोष्ट आली, तर त्याला हरकत घेऊ नका. धर्माविषयी शिकणे वेगळे आणि धर्माचे वंदन करणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली हा फरक मान्य केला आहे. बाबासाहेबांनी सर्व धर्म वाचून पारखले, मगच एक स्वीकारला. आपल्या मुलाने तुकोबा वाचू नये असे म्हणणारा बाप बाबासाहेबांचे नाव घेतो खरा, पण त्यांच्या कपाटातली पुस्तके त्याने पाहिलेली नाहीत.

मग घरी काय करावे? मुलाला समजावून सांगा, धमकी देऊ नका. भगवंतांनी केसमुत्तीच्या कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका; आपल्या अनुभवाला लावून पाहा. हा उपदेश मास्तरांच्या प्रार्थनेला लागू आहे, तसा बापाच्या आज्ञेलाही लागू आहे. आठ वर्षांचे पोर मित्रांच्या बरोबरीने हात जोडून उभे राहिले, तर त्याने धम्म बुडविला असे समजू नका. बावीस प्रतिज्ञा तुम्ही घेतल्या आहेत, त्याने अजून घ्यावयाच्या आहेत. त्याला एवढेच कळू द्या की हात न जोडता, शांतपणे, कोणाची टिंगल न करता उभे राहण्याचा त्याला हक्क आहे, आणि तसे केल्यास आई-बाबा त्याच्या पाठीशी आहेत.

बाकीचे काम मोठ्या माणसांचे आहे. मुख्याध्यापकांकडे एकटे जाऊ नका, दोघे-चौघे पालक मिळून जा. आवाज चढवू नका. अठ्ठाविसाव्या कलमाचा उल्लेख करून साध्या मराठीत अर्ज लिहा की, आमच्या मुलाला उपासनेत सहभागी करण्यास आमची संमती नाही. तो रांगेत अदबीने उभा राहील. सर्व मुलांना चालेल अशी प्रार्थना असावी, हेही सुचवा. संविधानाची उद्देशिका वाचण्याचा शासनाचा आदेश २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून आहेच. ती आपल्या शाळेत रोज वाचली जाते की नाही, तेही विचारा. अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर शाळेचा शिक्का व तारखेसह सही घ्या, आणि ती मुलाच्या दाखल्याबरोबर घरी जपून ठेवा.