ताप उतरेपर्यंत

तान्ह्या मुलाला ताप भरला की घरातील मोठ्यांची परीक्षा सुरू होते. मूल तापाशी झुंजते, मोठी माणसे आपल्या असहायतेशी. ‘काहीतरी करा!’ हा आक्रोश आम्ही कितीतरी घरांत ऐकला आहे. हे ‘काहीतरी’ बाळासाठी हवे असते की आपल्या जीवाच्या समाधानासाठी, हा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे सतावीत आला आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका घरी आठ महिन्यांच्या मुलीला तीन दिवस कडक ताप होता. डॉक्टरांनी नीट तपासून सांगितले, ‘विषाणूचा ताप आहे. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, अंगावर पाजत राहा, लक्ष ठेवा आणि वाट पाहा.’ वाट पाहा! आजीला हा सल्ला जवळजवळ अपमान वाटला. मुलीला दुसरीकडे नेऊन इंजेक्शन व प्रतिजैविक देण्यात आले. चौथ्या दिवशी ताप उतरला. इंजेक्शनची वाहवा झाली. सायंकाळी छातीपाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटले आणि त्याच इंजेक्शनला दोष मिळाला. ‘हिला हे औषध सोसत नाही’ अशी नोंदही होऊन बसली.

पहिल्या डॉक्टरांनी नंतर उलगडा केला: हा रोझिओला. ताप ओसरला की पुरळ उमटते, हीच त्याची रीत. त्याच्या मुळाशी बहुधा नागीणवर्गातील एक विषाणू असतो, हे 1988 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. प्रतिजैविकाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. आपल्याकडे अशा प्रत्येक पुरळाला ‘गोवर’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. पण गोवरात पुरळ उमटताना ताप उतरत नाही, उलट चढतो, शिवाय खोकला व लाल डोळे असतात. तो जीवघेणा ठरू शकतो. 2022 साली मुंबईत त्याने बालके नेली. तेथे कडुनिंबाची पाने उशाशी ठेवून भागत नाही.

म्हणून वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर त्याच वेळी डॉक्टर गाठावा. त्याहून मोठे मूलही दूध घेईना, सुस्त पडले, धापा टाकू लागले, आकडी आली किंवा दाबूनही न फिकटणारे डाग दिसले, तर क्षणाचा विलंब नको. एरवी ओले लंगोट मोजणे, श्वास न्याहाळणे, दर थोड्या वेळाने पाजणे, गोधड्यांत न गुंडाळणे ही कामे क्षुल्लक दिसतात. रात्रभर जागून करणाऱ्यालाच त्यांचे वजन कळते. या कामांचे श्रेय कोणी देत नाही. इंजेक्शनचे देतात.

आजीला बोल लावण्याचा अधिकार मात्र आम्हांला नाही. पुरळ पाहून घाबरलेल्या त्या घरी आम्हांला बोलावले होते. आम्हीही मोठ्या आवाजात लांबलचक प्रार्थना सुरू केली. आमचेही ते ‘काहीतरी’च होते. मुलीचा नुकताच डोळा लागला होता. तिच्या आईने ओठांवर बोट ठेवले आणि शेजारची खुर्ची दाखविली. आम्ही बसलो.