दयेची अट

२२ फेब्रुवारी १९१० रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅड वोलगास्टने बॅटलिंग नेल्सनला चाळिसाव्या फेरीत नमवलं आणि लाइटवेट गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. आज जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांत आटोपते. हे दोघे चाळीस फेऱ्या एकमेकांना बडवत होते. पुढे वोलगास्टचं डोकं कामातून गेलं. मनोरुग्णालयात असतानाही आपली पुढची लढत ठरली आहे, अशी त्याची समजूत होती आणि तो नेमाने सराव करायचा. १९४९ मध्ये तिथल्याच दोन रखवालदारांनी साठी उलटलेल्या या माणसाला बेदम मारलं. त्यातून तो सावरला नाही. १९५५ मध्ये तो गेला.

हे वाचताना त्या रखवालदारांची मला चीड आली, आणि आपल्याला चीड आली याचं थोडं समाधानही वाटलं. मग लक्षात आलं की त्या चाळीस फेऱ्यांचं वर्णन मी चवीने वाचलं होतं, एक-दोन परिच्छेद तर दोनदा.

माझ्याकडे उत्तर तयार असतं. रिंगणात नियम असतात, पंच असतो, समोरचाही तोडीस तोड असतो, आणि उतरणारा स्वखुशीने उतरतो. मनोरुग्णालयात यातलं काहीच नव्हतं. हा फरक खरा आहे आणि तो मला पुसायचा नाही. पण डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकारावरचा आपला प्रसिद्ध लेख १९२८ मध्येच लिहिला. तोल जाणं, बोलणं जड होणं, हात थरथरणं, स्मरण सुटणं, ही सारी लक्षणं वारंवार डोक्यावर बसलेल्या ठोशांशी त्यांनी जोडली. कवटीच्या आत मेंदू हादरतो तेव्हा तो ठोसा नियमात बसणारा होता की नाही, हे त्याला कळत नाही. रखवालदारांनी मारला तो माणूस आधीच पुष्कळसा मारला गेला होता, आणि तेव्हा लोक तिकीट काढून बसले होते. मी त्या काळी तिथे असतो, तर रखवालदारांत नसतो. तिकीटवाल्यांत मात्र नक्की असतो.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मुष्टियुद्धाचं वेड नाही; इथे कबड्डी. दिवाळी सरली की गावोगाव रात्रीचे सामने लागतात, हॅलोजनच्या उजेडात, कुठे मातीवर, कुठे मॅटवर. चढाईपटूचा घोटा कोपरारक्षकाच्या हाती लागतो, तिघे-चौघे त्याच्यावर कोसळतात आणि माझ्या तोंडून आरोळी निघून जाते. खाली दबलेल्याचा पाय कसा वळला आहे, ते मला दिसतं ते आरोळीनंतर. गुडघा म्हणजे मेंदू नव्हे आणि पकड म्हणजे ठोसा नव्हे, हे कबूल. पण बघणारा मीच असतो.

अशाच सामन्यांना एक माजी खेळाडू गुणलेखक म्हणून बसतात. एके काळी त्यांच्या चढाईवर पैजा लागत. सामना संपला की ते बांबूला धरून मंचाच्या पायऱ्या आडवे उतरतात. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा. मी त्यांना वाकून नमस्कार करतो, जुन्या एखाद्या सामन्याची आठवण काढतो. गुडघ्याचं मात्र विचारत नाही. विचारलं तर ऐकून घ्यावं लागेल.

याउलट मुरलीकांत पेटकरांची गोष्ट मी मुलांना कितीदा तरी सांगितली आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा हा जवान सैन्यातला मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, मुष्टियुद्ध सुटलं. मांडव्याच्या जेट्टीवरून समोर जी मुंबई दिसते, तिथल्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. उपचाराचा भाग म्हणून धरलेल्या पोहण्याने त्यांना १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला नेलं. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळालं. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज भरून येतो. पण तो नेमका कुठे भरून येतो, याकडे मी अलीकडे लक्ष दिलं. गोळ्या लागतात तिथे नाही, पदक मिळतं तिथे. ४६ वर्षांचा भाग तर मी एका वाक्यात उरकतो, सरकारला दोन शब्द सुनावतो आणि मोकळा होतो. त्या वर्षांत मीही त्यांचं नाव घेत नव्हतो.

थोडक्यात, माझी दया अट घालून येते. मोडलेल्या माणसाने पुढे काहीतरी जिंकून दाखवावं, म्हणजे माझ्या हळहळीचं चीज होतं. दिल्लीत १९८० साली मोहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळलेल्या आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या कौर सिंगांना म्हातारपणी उपचारांसाठी कर्ज काढावं लागलं. ती बातमी झाली, तेव्हा मदत धावली. त्यांच्याकडे निदान बातमी होण्याइतकं पदक होतं. वोलगास्टने शेवटी काहीच जिंकलं नाही. पायऱ्या आडवे उतरणारे आमचे गुणलेखकही आता काही जिंकणार नाहीत.

पुढच्या खेपेस सामने भरवणाऱ्या मंडळाची मुलं वर्गणीला आली की निम्मी रक्कम चषकासाठी आणि निम्मी जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी द्यावी, असं मनात आहे. पण वर्गणी दिली की इथे लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं जातं आणि ते ऐकायला मला आवडतं. औषधपाण्याच्या पैशांवर माझं नाव पुकारलं गेलं, तर ते भले गुणलेखक गावासमोर माझे मिंधे ठरतील. तेव्हा ते नाव न सांगता द्यायचे. त्याआधी, पैशांचा विषय न काढता त्यांच्याशेजारी बसून गुडघ्याचं विचारायचं आणि ते जे सांगतील ते पुरतं ऐकायचं. यातलं पैसे देणं मला जमेल. ऐकणं जड जाणार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.