हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च झाला म्हणजे याच शब्दांनी आपण मनाची समजूत घालतो. पण खेळाच्या जगात या वाक्याचा अर्थ बराच कठोर होता. तिथे मोल घेतले की हौस संपली, असाच कायदा होता.

१९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक सामने झाले, त्यांत टेनिस होते. भारताच्या संघात हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी होते. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे ते आमच्याच मुलखाचे म्हणायचे. केंब्रिजला शिकलेला हा गृहस्थ सात खेळांत तरबेज होता. लोक त्यांना 'रेनबो हादी' म्हणत. रणजी करंडकातले पहिले शतकही पुढे त्यांनीच काढले. त्याच संघातले सनदी अधिकारी सिडनी जेकब एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. हे सारे 'हौशी' खेळाडू. खेळून किंवा खेळ शिकवून पोट भरणाऱ्याला तिथे मज्जाव होता. त्यानंतर हौशी कोणाला म्हणावे यावरून टेनिस संघटना आणि ऑलिंपिक समिती यांचे बिनसले आणि टेनिस ऑलिंपिकमधून गेले. पदकांसह ते परतले १९८८ साली, सेऊलला. एका शब्दाच्या व्याख्येपायी ६४ वर्षे गेली!

ही व्याख्या एकदा माझ्याही हाती आली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका क्लबाच्या टेनिस स्पर्धेचा मी चिटणीस होतो. तिथे चेंडू उचलून देणारा एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जात. हा आजीजवळ राही. कुणीतरी टाकून दिलेली रॅकेट घेऊन तो भल्या पहाटे भिंतीवर चेंडू मारत बसे. आमच्यापैकी कोणालाही त्याने सहज हरवले असते. त्याने स्पर्धेत नाव दिले. मी नियम दाखवला: मैदानावर पैसे घेणारा हौशी नव्हे.

तो म्हणाला, "साहेब, मी पैसे चेंडू उचलायचे घेतो, मारायचे नाही घेत."

मी नाव खोडले.

नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी नाकारत नाही. पैशाने खेळ नासतो. सामने विकले गेल्याचे आपण वाचलेलेच आहे. पण पैसा न घेण्यासाठी आधी तो घरात असावा लागतो. ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कोणाच्या कष्टाने पेटते, त्याला निर्मोही होणे सोपे जाते. निर्मोहीपणा हा गुण खराच. पण ज्याला त्याची परीक्षा द्यावीच लागत नाही, त्याने दुसऱ्याचा परीक्षक व्हावे काय?

२०२४ साली, बरोबर शंभर वर्षांनी, पॅरिसलाच आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावला आणि अकरावा आला. शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यातला जवान. शर्यतीच्या बक्षिसाची रक्कम आता उघडपणे घेता येते. त्यामुळे त्याचे धावणे उणे झाले असे आमच्याकडे कोणालाही वाटले नाही.

ती शर्यत पाहताना मला तो मुलगा आठवला, आणि त्याबरोबर एक नकोसा प्रश्न. मी स्वतः त्या मैदानावर कशासाठी जात होतो? अधिकाऱ्यांशी ओळखी व्हाव्यात, अडलेली कामे निघावीत, म्हणून. माझा खेळ यथातथाच होता आणि पहाटे उठून भिंतीवर चेंडू मारावा असे मला एकदाही वाटले नाही. मी मोल घेतच होतो. फक्त ते रोख नव्हते. तरी वहीत माझे नाव हौशी म्हणून राहिले.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तोही आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला. पुन्हा क्लबात आला नाही. रॅकेट मात्र जाताना भिंतीशी नीट उभी करून ठेवली होती.