वाकळ आणि फळाची आशा

परवा ट्रंकेतल्या अर्धवट वाकळा बाहेर काढल्या होत्या. गीतेच्या वर्गाला जाणाऱ्या शेजारच्या ताई बघून म्हणाल्या, "आक्का, कशाला जिवाला घोर लावून घेता? पुरी झाली काय, राहिली काय. आपण फळाची आशा धरायचीच नाही." त्यांनी मायेनं म्हटलं, पण मला ते पटलं नाही.

दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक फळावरचा आपला हक्क काढून घेतो, हे खरंच. पण त्याच श्लोकाचा शेवट कर्म न करण्याचीही ओढ नको असं बजावतो, ते आपण सोयीनं विसरतो. ४०वा श्लोक तर या वाटेवरचा आरंभ वाया जात नाही असा धीर देतो. तो धीर साधनेला आहे. अर्ध्या वाकळेत कुणाला झोपता येत नाही.

ट्रंकेतली एक वाकळ बघा. वर सासूबाईंचं इरकली लुगडं, आत मऊ झालेल्या धोतराचे थर. कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं, तशी मी आलेही. मधला हातभर चौकोन तेवढा राहिला. उचलली की त्या चौकोनात आतलं धोतर सरकून गोळा होतं. ही नातीसाठी शिवायला घेतली होती. हिची ऊब मला नको असेल, पण ती नातीची आहे. फळ माझं नाही म्हणजे कुणाचंच नाही, असं होत नाही. उलट ते दुसऱ्याचं आहे म्हणूनच ते अडकवून ठेवायचा मला अधिकार नाही. संत सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. पाणी अर्ध्या वाफ्यापर्यंत नेऊन सोडून देणारा माळी मला त्यांच्यात दिसत नाही.

हाताच्या सफाईचंही तेच. ५०वा श्लोक योगाला कर्मातलं कौशल्य म्हणतो. शंकराचार्यांनी तिथे कर्म करूनही बंधन लागू न देणारी समबुद्धी असा अर्थ घेतला आहे, शिवणटिपण नव्हे. तो अर्थ मला मान्य आहे. तरी टाका लांब पडला तर रात्री पोराच्या पायाचं बोट त्यात अडकतं, दोरा तुटतो आणि ओळ उसवत जाते. बारीक, सारखा टाका हा मिरवण्याचा विषय नाही. ज्याच्या अंगावर ती वाकळ जाणार, त्याचा तो विचार आहे.

म्हणून सध्या धारवाडकडच्या कसुती भरतकामातली गवंती टाक्याची ओळ गिरवते आहे. तिला गाठ चालत नाही. जाताना एक टाका वर, एक खाली. परतताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या, तेव्हा कापड दोन्ही अंगांनी सारखं दिसतं. परतलंच नाही, तर ओळ तुटकच राहते. मोजलेल्या धाग्यांवर डोळा ठरायला लागला की वाकळेवरचा टाकाही आपोआप आखूड पडतो, असा माझा अनुभव आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी वाकळ असेल, तर नवं कापड कापायच्या आधी तिला हात घाला. जिच्यासाठी घेतली होती तिला विचारा, अजून हवी का. ती मोठी झाली असेल, तर उघड्यावर निजणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. थंडीच्या आत तेवढा मधला चौकोन भरा.