मिलिंदाचा रथ आणि माझी जीप

मिलिंद राजा रथातून आला, तेव्हा भन्ते नागसेनांनी त्याला आस, चाक, जू असा एकेक भाग घेऊन यातला रथ कोणता ते विचारले. राजाला सांगता आले नाही. चंद्रपूरला 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत माझे वडील होते. हा संवाद ज्यात आहे तो 'मिलिंद प्रश्न' ग्रंथ आमच्या घरात त्यांनी आणला. आता आलापल्लीत माझ्या दारात महिंद्राची जुनी सीजे 3बी जीप उभी आहे आणि येणारा जाणारा विचारतो, सगळं ओरिजिनल आहे ना?

ओरिजिनल म्हणजे काय? पत्रा बदलला, वायरिंग बदलले, गॅस्केटे किती बदलली याचा हिशोब नाही. नागसेनांच्या मते जीप हे सुटे भाग एकत्र आल्यावर दिलेले नाव. मला ते पटते. पण मग ती पेट्रोल पाण्यासारखे पिते म्हणून डिझेल इंजिन टाकायलाही हरकत नसावी. अनेकांनी तोच सल्ला दिला.

मी आधी भाग उघडून पाहिले. प्लग काजळीने काळे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. चोक पूर्ण उघडत नव्हता, फ्लोटची पातळी वर होती. थर्मोस्टॅटच्या जागी नुसती पोकळी. मिस्त्री म्हणाला, "गाडी गरम होते ना भाऊ, म्हणून सगळे काढूनच टाकतात." पण इंजिन नीट तापलेच नाही तर पेट्रोलची वाफ पुरती होत नाही आणि ते वाया जाते. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ केला, पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली, चिकटणारा ब्रेक सोडवला. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब लावले. फोर-व्हीलची गरज नसताना पुढचा ॲक्सल आणि शाफ्ट उगाच फिरत नाहीत. प्लगांवर आता बिस्किटासारखा रंग येतो. ॲव्हरेज वाढले आणि डिझेल इंजिनाचा विषय मिटला. हब मूळचे नाहीत. मला त्याचे काही वाटत नाही.

या जीपचे गिअरिंग खालचे आहे, ॲक्सलचे गुणोत्तर 5.38. पन्नासच्या पुढे इंजिन ओरडते आणि पेट्रोलचा काटा खाली येतो. एटापल्लीहून सूरजागडकडे जाताना खनिजाचे ट्रक मागून हॉर्न देतात, तरी मी वेग वाढवत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांचा माणूस, देवाला हात जोडत नाही. पण ज्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव, त्याच डोंगरातले लोहखनिज काढण्याची लीज 2007 मध्ये दिली गेली. पत्रा कुठून येतो, हे तिथे उभे राहिले की कुणी सांगण्याची गरज राहत नाही. जुनी जीप चालू ठेवणे म्हणजे तेवढे लोखंड नव्याने न खोदणे. पण तीच जीप धूर ओकत फिरली, तर लोखंड वाचवल्याचा अभिमान मी कोणत्या तोंडाने सांगू?

'मिलिंद प्रश्ना'तच रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नाही, वेगळीही नाही. ज्योतीचे काहीही ठरो, तेल तर जळालेच. रथ नाही, तसाच आत्मा नाही, म्हणून कशाचीच जबाबदारी नाही, असा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत. मला तो धम्माचा विपर्यास वाटतो. वस्तू टिकत नाही. तिने जे जाळले त्याचा परिणाम पुढे जातो आणि तो आपल्या माथी असतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ती ओरिजिनल आहे का हे नंतर पाहा. आधी एक प्लग काढून त्याचा रंग पाहा आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते मिस्त्रीला विचारा.